मुलीला मरीन बायॉलॉजी करायचं आहे, मला फक्त तोटे सांगा

कुडाळचा_पालक

नमस्कार मंडळी. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे, राहायला कुडाळात. थोरली मुलगी टीवायबीएस्सीला आहे, विषय झूलॉजी. कॉलेजच्या सरांनी त्यांना ओहोटीच्या वेळी मालवणच्या खडकांत नेलं होतं. तेव्हापासून तिला एकच ध्यास, एमएस्सी मरीन बायॉलॉजीतच करायची. कारवार, कोची, पोर्ट ब्लेअर, तमिळनाडूतलं परंगीपेट्टई अशी नावं घेते. मार्क चांगले आहेत, मेहनती आहे, पोहायला येतं.

मी ज्याला विचारतो तो म्हणतो, "वा, छान क्षेत्र आहे." तिचे सर म्हणतात छान. तिने मला व्हिडिओ दाखवले, त्यात निळं पाणी, रंगीत मासे, पाठीवर सिलिंडर लावून उतरलेली मुलं. बघायला मलाही आवडलं. पण जुनी गाडी बघायला गेल्यावर मी मालक काय बोलतो ते ऐकत नाही, बॉनेट उघडून बघतो. या क्षेत्राचं बॉनेट उघडणारं मला कोणी भेटत नाही.

म्हणून विचारतो. या कामाचे खरे तोटे काय? पगार कधी सुरू होतो, किती वर्षं शिकत राहावं लागतं, मुलगी एकटी बोटीवर गेली तर काय परिस्थिती असते, तब्येतीला काय होतं? धाकटा दहावीला आहे, त्याचंही पुढे बघायचं आहे. कर्ज काढायची तयारी आहे, पण डोळे उघडे ठेवून काढायचं आहे. या क्षेत्रात स्वतः काम केलेल्यांनी लिहावं ही विनंती. तिचं मन मोडायचा माझा अजिबात विचार नाही.

---

तळ्याकाठी

भाऊ, मी एमएस्सी मरीन बायॉलॉजी केली आणि आता आंध्रात कोळंबीच्या खाद्याच्या कंपनीत टेक्निशियन आहे. माझ्या बॅचचे बरेच जण याच लाइनीत आले, कारण नोकरी इथेच मिळते. २००९ साली वनामी या परदेशी जातीच्या कोळंबीला आपल्याकडे परवानगी मिळाली, तेव्हापासून किनाऱ्याकिनाऱ्याने तलाव वाढले. खाद्य, बियाणं, औषधं विकणाऱ्या कंपन्यांना मुलं लागतात.

काम काय तर तलावावर जाऊन पाणी तपासायचं, कोळंबीचं वजन बघायचं आणि शेतकऱ्याला खाद्याच्या गोण्या विकायच्या. महिन्याचं टार्गेट असतं. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली जातो, त्यामुळे शेतकऱ्याचा फोन पहाटेच येतो. पाण्यात हवा घालणारा एरेटर बंद पडला किंवा व्हाइट स्पॉट हा कोळंबीचा रोग आला तर चार दिवसांत तलाव रिकामा होतो. आपण सल्ला दिलेल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न आपल्यासमोर मरताना बघणं फार जड जातं. तेव्हा शिकलेलं काही उपयोगी पडत नाही, त्याच्या शेजारी बांधावर उभं राहायचं एवढंच.

पगार वेळेवर होतो, तक्रार नाही. पण ज्या प्रवाळांसाठी, माशांसाठी मी या विषयात आलो त्यांच्याशी माझा आता संबंध नाही. समुद्र माझ्या तलावांपासून जवळच आहे, तरी तिकडे जायला वेळ होत नाही.

आणखी एक. मत्स्यविज्ञानाची पदवी, म्हणजे बीएफएस्सी, वेगळी. आपल्या रत्नागिरीला शिरगावात त्याचं कॉलेज १९८१ पासून आहे. मत्स्य खात्याच्या, बँकांच्या आणि खाजगी अशा कितीतरी जाहिरातींत ती पदवी आधी विचारतात. एमएस्सी मरीन बायॉलॉजीवाला त्यांच्या मागे उभा राहतो. हे मला बारावीला कोणी सांगितलं नव्हतं.

---

खाजणवाट

दादा, तुम्ही हे विचारलंत ते फार बरं केलंत. मी गुहागर तालुक्यातली. माझी पीएचडी पॉलीकीटवर आहे. वाळूत-गाळात राहणारे हे वळ्यावळ्यांचे किडे, गरवणारे गळाला लावतात त्यांतलेच. दिसायला काही नाहीत, पण तळाची तब्येत यांच्यावरून कळते. सांडपाणी पडतं तिथे कॅपिटेला नावाचा किडा माजतो आणि बाकीच्या जाती एकेक करून नाहीशा होतात. या किड्यांवर माझा फार जीव आहे. तेव्हा मी जे लिहिते ते कंटाळून लिहिते असं समजू नका.

व्हिडिओत दिसतं ते निळं पाणी आपल्या किनाऱ्यावर फार थोडे दिवस असतं. आणि प्रत्यक्ष पाण्यावर जाणं हा या कामाचा लहान भाग आहे. बोटीतून लोखंडी ग्रॅब तळाला सोडायचा, तो गाळाचा घास घेऊन वर येतो. तो गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरेल ते बरणीत घालून वर नमुने टिकवणारं फॉर्मॅलिन ओतायचं. त्यात रोझ बेंगाल रंग टाकायचा म्हणजे जीव गुलाबी होतात आणि कचऱ्यातून वेगळे दिसतात. हे सकाळभराचं काम. मग त्या बरण्या प्रयोगशाळेत येतात आणि पुढचे कित्येक महिने तुम्ही मायक्रोस्कोपखाली चिमट्याने एकेक किडा वेचत बसता. जात ओळखायची तर त्याच्या अंगावरचे राठ केस मोठं करून बघावे लागतात. आजही आम्ही फोवेल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा १९५३ सालचा ग्रंथ उघडून बसतो, कारण भारतातल्या पॉलीकीटांवर तेवढं सगळं एकत्र असलेलं दुसरं काही हाताशी नसतं. प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांवर, काम करणारी माझी मैत्रीण एक मिलिलिटर पाण्याच्या काचपट्टीवर हजार चौकोन मोजत बसते. तुमच्या मुलीला अशी बैठक आहे का, हे सगळ्यात आधी बघा. पोहता येणं त्यामानाने दुय्यम आहे.

फॉर्मॅलिनचं सांगायलाच हवं. त्यातलं फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोग करतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेलं आहे. चांगल्या प्रयोगशाळेत वाफ ओढून घेणारं कपाट असतं, हातमोजे असतात, नमुने आधी पाण्यात धुऊन मगच टेबलावर येतात. मी काम केलेल्या एका ठिकाणी खिडकी आणि पंखा एवढंच होतं. डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. आम्ही मागणी लिहून दिली, पुढच्या खरेदीत बघू असं उत्तर आलं. तुमची मुलगी जिथे जाईल तिथे तिने पहिल्या दिवशी हे कपाट चालू आहे का ते बघावं आणि नसेल तर ठामपणे मागावं. मान आणि पाठ हे दुसरं. मायक्रोस्कोपवर वाकून बसणाऱ्यांत मानेचा पट्टा लागलेली माणसं चाळिशीच्या आत भेटतात.

घरच्यांना सगळ्यात जास्त खुपतो तो सणांचा प्रश्न. मोठं उधाण आणि तेवढीच मोठी सुकती, म्हणजे ओहोटी, अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत असते. खडकांतले खालच्या पट्ट्यातले जीव तेव्हाच उघडे पडतात, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते तेव्हा, तिथे पोचताच येत नाही. आता आपले सण आठवा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, कोजागरी, होळी आणि नारळी पौर्णिमा पौर्णिमेला. शिवाय आपल्या किनाऱ्यावर ही मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. म्हणजे घरात फराळ मांडलेला असताना मी डोक्याला बॅटरी लावून खडकांवर. लग्नानंतरची पहिली दिवाळी मी अशीच घालवली. सासूबाईंनी समजून घेतलं, पण सगळ्यांच्या घरी तसं होत नाही, आणि त्यांनी का समजून घ्यावं असंही कधी वाटतं.

बोटीबद्दल तुम्ही विचारलंत. बोट लागणं हे बहुतेकांचं सवयीने कमी होतं, काहींचं आयुष्यभर जात नाही. मोठ्या संशोधन जहाजांवर, म्हणजे कोचीहून चालणारी सागर संपदा किंवा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची सिंधु साधना, मुलींसाठी केबिन, स्वच्छतागृह, डॉक्टर सगळं असतं. तिथे काळजी नसावी. पण त्या जहाजांवर जागा मोजकी. रोजचं काम भाड्याच्या मच्छीमारी बोटीवर होतं आणि तिथे बाईमाणसासाठी आडोसासुद्धा नसतो. आम्ही आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचो. उन्हात दिवसभर असं काढलं की लघवीचा संसर्ग ठरलेला. यावर कोणी उघड बोलत नाही म्हणून मी बोलते आहे. काही तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, बाईला बोटीवर घ्यायलाच तयार नसतात. काही मात्र असे भेटले की त्यांनी स्वतःहून ताडपत्री बांधून आडोसा करून दिला आणि कुठे गाळ मऊ, कुठे खडक, हे मला कुठल्याही नकाशापेक्षा नीट सांगितलं. बुडण्याची भीती तुम्ही मनात धरू नका. शेवाळलेल्या खडकावर घसरणं, कालवांच्या धारेने पाय कापणं, खाडीच्या मांडीभर चिखलात अडकणं आणि शहरालगतच्या खाडीतलं घाण पाणी हे खरे त्रास.

आता पैशाचं. सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेच्या नेट या पात्रता परीक्षेत मरीन बायॉलॉजी नावाचा पेपरच नाही. तिला लाइफ सायन्सेसमध्ये बसावं लागेल आणि तिथे पेशी, जनुकं, जैवरसायन यांचा भर मोठा. दोन वर्षं समुद्र शिकलेली मुलगी तिथे बायोटेक्नॉलॉजीच्या मुलांशी झुंजते. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करतानाची शिष्यवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढच्या टप्प्याच्या एसआरएफला ४२,०००. ऐकायला बरं वाटतं. पण ते दर महिन्याला येईलच असं नाही. कित्येक महिन्यांचं एकदम येतं, तोवर खोलीचं भाडं घरून मागवायचं. नेट नसेल तर प्रोजेक्टवर, त्याहून कमी पैशांत.

प्रोजेक्ट बहुधा तीन वर्षांचा असतो. त्यातलं बरंचसं पहिलं वर्ष माणूस नेमणं, उपकरणाची खरेदी, परवानग्या यांत जातं. प्रवाळ, समुद्रकाकड्या, कासवं यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, ते असायलाच हवं, पण नमुना घ्यायला वनखात्याच्या परवानगीची वाट बघावी लागते. मालवणसारख्या अभयारण्यात तर पाऊल टाकण्यापूर्वी कागद लागतो. आणि जून ते सप्टेंबर समुद्र बंद. पावसाळ्यात तळाला काय होतं हे समजणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच आपल्याला दिसत नाही. तीन वर्षांतून तीन पावसाळे वजा करा, मग काय हाती राहतं ते बघा.

सरकारी संशोधन संस्थांतल्या शास्त्रज्ञपदांना खुल्या प्रवर्गासाठी बहुधा ३२ वर्षांची वयोमर्यादा असते. एमएस्सी तेविसाव्या वर्षी, नेट आणि पीएचडी मिळून तिशी. म्हणजे दार उघडं असतं ते दोन-तीन वर्षं, आणि त्या वर्षांत तुमच्या विषयाची जाहिरात निघाली तर. माझ्या वेळी पॉलीकीट जाणणारं माणूस हवं अशी जाहिरात निघाली नाही. मी आज कॉलेजात झूलॉजी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. जितके तास तितकं मानधन. मे महिन्याच्या सुट्टीत काही नाही.

हे सगळं मी सोसू शकले असते, पण एक गोष्ट मात्र मला आतून लागते. समुद्रातला बदल दहा-वीस वर्षांनी दिसतो आणि तो बघणारी माणसं आपण तीन वर्षांच्या बोलीवर ठेवतो. किडे ओळखायला मला दहा वर्षं लागली. ही विद्या पुस्तकातून अर्धीच येते, उरलेली शेजारी बसून शिकावी लागते. माझ्या शेजारी आज कोणी बसलेलं नाही. एका ठिकाणी प्रोजेक्ट संपल्यावर आमच्या बरण्या कपाटात तशाच राहिल्या. नंतर कोणी फॉर्मॅलिन बदललं नाही, लेबलांची शाई उडाली, नमुने वाळून गेले. एका खाडीचा आठ वर्षांचा तळ त्यांत होता. आता त्या खाडीत नवा प्रकल्प आला आणि आधी तिथे काय होतं असं कोणी विचारलं, तर दाखवायला काही नाही. मला पगार कमी मिळाला त्याचं इतकं वाईट वाटलं नाही, जितकं त्या बरण्यांचं वाटतं.

---

पाणबुडी_नवी_मुंबई

खाजणवाट ताईंनी संशोधनाचं लिहिलं, मी सल्लागार कंपनीचं लिहितो. बंदर, जेट्टी, सांडपाण्याची वाहिनी यांच्या आधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल लागतो, त्यात समुद्री जीवांचा भाग मी करतो. पगार संशोधनापेक्षा बरा आहे आणि नियमित आहे. कर्जाचा विचार करणाऱ्या घरासाठी हा मार्ग नाकारण्यासारखा नाही.

तोटा हा की ज्याचा प्रकल्प आहे तोच आमचं बिल देतो. आपण जाऊन खरं तेच मोजतो, मी आजवर एकही आकडा बदललेला नाही. पण बहुतेक वेळा पावसाळा सोडून एकाच हंगामाचं सर्वेक्षण पुरेसं धरलं जातं. मासे अंडी घालायला खाडीत कधी येतात, कोळंबीची पिल्लं कधी आत शिरतात, हे एका हंगामात दिसतच नाही. अहवालात मी तसं वाक्य लिहितो. पुढे ते वाक्य शेकडो पानांत कुठे जातं ते मला कळत नाही. गोपनीयतेची सही केलेली असते, त्यामुळे गोळा केलेल्या माहितीवर स्वतःचा पेपरही लिहिता येत नाही. जे जीव मी त्या जागी शेवटचे पाहिले असतील, त्यांच्याबद्दल मला जाहीर बोलता येत नाही.

गावात गेल्यावर लोक कसे बघतात तेही ऐका. "तुमचा सर्व्हे झाला की आमची जागा गेलीच," असं एका म्हातारीने मला तोंडावर सांगितलं. ती सुकट वाळत घालत होती. तिचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणू शकलो नाही.

कधी कधी काम वेगळंही असतं. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० साली वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ काढून दुसरीकडे लावले गेले. अशा कामात प्रवाळ ओळखणारं, पाण्यात उतरून हाताळणारं माणूस लागतंच. म्हणजे गरज आहे. फक्त ती गरज जागा जायची वेळ आली की निर्माण होते, त्याआधी नाही. आपण ज्यासाठी हा विषय घेतला तेच हलवायला आपल्याला बोलावतात, हे मनाला पटवून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि अजून पूर्ण पटलेलं नाही.

मेलेले प्राणी बघायची तयारी ठेवावी लागते. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर कासवं, डॉल्फिन लागतात. जाळ्यात पाय तुटलेलं कासव उचलणं एकदा ठीक, दर वर्षी जड जातं. राज्याने डिसेंबर २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई सुरू केली, त्याने फरक पडला आहे. जाळं कापून सोडलेल्या देवमुशीचा, म्हणजे व्हेल शार्कचा, व्हिडिओ गावातली पोरं मला पाठवतात तेव्हा फार बरं वाटतं.

---

कुडाळचा_पालक

तिघांचे मनापासून आभार. मला हवं होतं ते हेच. रात्री जेवणं झाल्यावर मुलीला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत होती. बरण्यांचं आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "बाबा, ताईंना विचारा, त्यांच्या शेजारी बसायला चालेल का?"

मला आणखी विचारायचं आहे. बीएफएस्सीकडे आता वळता येईल का? कर्ज किती काढावं? आणि प्रवेश घेण्याआधी तिला हे काम झेपेल का, हे तपासायचा काही मार्ग आहे का? बोटीवरच्या आडोशाबद्दल लिहिलंत ते तिच्या आईने दोनदा वाचायला लावलं.

---

खाजणवाट

दादा, तिला सांगा, चालेल. नुसतं चालेल असं नाही, मला हवंच आहे. डिसेंबरच्या सुट्टीत मी माझ्या जुन्या नमुन्यांवर कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसणार आहे, प्राचार्यांची परवानगी आहे आणि नमुने आता दारूत, म्हणजे अल्कोहोलमध्ये आहेत, फॉर्मॅलिनमध्ये नाहीत. माझ्या घरी राहील. तिच्या आईशी मी फोनवर बोलेन, नंबर इथे देऊ नका, निरोपातून पाठवा. रोज सकाळी बसायचं, दुपारपर्यंत वेचायचं, जेवून परत बसायचं. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून सकाळी लवकर यायला लागली तर झेपेल. रोज घड्याळ बघत असेल तर तेही तिला स्वतःलाच कळेल, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. एक मात्र बघा, पहाटेच्या ओहोटीला एकदा तिला घेऊन जाणार. स्वेटर आणि जुने बूट द्या, चपला नकोत.

बीएफएस्सी बारावीनंतरची चार वर्षांची पदवी आहे, आता ती घ्यायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुढची एमएफएस्सीसुद्धा बहुतेक ठिकाणी बीएफएस्सीवाल्यांनाच मिळते. मी तरी टीवायला आलेल्या मुलीला मागे वळवणार नाही. पण तळ्याकाठी यांनी सांगितलं ते डोक्यात ठेवून प्रत्येक जाहिरातीची पात्रता शब्दन् शब्द वाचायची सवय तिला आत्तापासून लावा.

कर्जाचं माझं मत स्पष्ट आहे. सरकारी विद्यापीठाच्या फीपुरतं आणि राहण्या-जेवणापुरतं, एवढंच. खाजगी संस्थेची लाखांची फी किंवा परदेशातली पदव्युत्तर पदवी कर्ज काढून करू नका. या क्षेत्रात पहिली धड कमाई उशिरा येते आणि हप्ता मात्र थांबत नाही. धाकट्याचं शिक्षण त्यात अडकेल. स्कूबाचे कोर्सही आत्ता नकोत. लागलाच तर पुढे कामाच्या पैशांतून करता येतो, आणि माझ्यासारख्या गाळवाल्यांना तो फारसा लागतही नाही.

एमएस्सी करताना तिने संख्याशास्त्र आणि संगणकावर नकाशे करण्याचं काम नीट शिकावं. आवडत नसेल तरी शिकावं. माझ्याबरोबरच्या ज्या मुलींना हे येत होतं त्यांना उपग्रहाच्या माहितीवर, मासेमारीच्या आकडेवारीवर काम मिळालं आणि त्या टिकल्या. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं देशभरच्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेऊन अंदाज बांधतात, ते सगळं संख्याशास्त्रावरच उभं आहे. नेटची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून, लाइफ सायन्सेसची. त्यात दोन वर्षं पुढेमागे झाली की वयोमर्यादेचं गणित बिघडतं.

कारवारचा विभाग कर्नाटक विद्यापीठाचा आहे, कोडीबागला, काळी नदीच्या मुखाजवळ. कुडाळहून कोकण रेल्वेने थेट जाता येतं. प्रवेशाच्या आधी एकदा दोघं जाऊन या. प्राध्यापकांना भेटा, पण दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी अर्धा तास वेगळं बोला. बोट भाड्याची असते का विभागाची, वर्षातून किती वेळा नेतात, फॉर्मॅलिनसाठी कपाट आहे का, आणि मागच्या पाच वर्षांत पास झालेल्या मुली आज काय करतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी मिळालं तर जागा चांगली. पोर्ट ब्लेअरचा विचार असेल तर हेच प्रश्न ईमेलने विचारा, तिथे प्रवाळ दाराशी आहेत पण घरी यायला विमानाचं तिकीट लागतं, ते दोन वर्षांच्या खर्चात धरा.

आणि पाणबुडी, तुमच्याकडे खाड्यांच्या सर्वेक्षणातले पॉलीकीट ओळखायला कोणी नसेल तर मला कळवा. पैसे नकोत, पण नमुने नंतर फेकू नका, माझ्याकडे ठेवायला जागा आहे.